नव्वद-साठचे मास्तर

मास्तर हातात कात्री घेऊनच जन्माला आले असं त्यांची बायको म्हणायची. ते कौतुकाने की वैतागून, हे मास्तर त्या दिवशी किती वाजता घरी परतले यावर ठरायचं. बावीस वर्षं एकाच दुकानात, एकाच टेबलापाशी उभं राहून त्यांनी कोट कापले. गिऱ्हाईक दारातून आत आलं की टेप गळ्यातून काढायच्या आधीच मास्तर सांगणार, "डावा खांदा पाऊण इंच खाली आहे तुमचा." गिऱ्हाईक आधी रागवायचं, मग आरशात बघायचं, मग गप्प बसायचं. फुशारकी म्हणाल तर होती, पण ज्याचा हात चालतो त्या माणसाची फुशारकी खपून जाते.

मग एका दुपारी अस्तराचा गठ्ठा काढायला ते माळ्याच्या शिडीवर चढले आणि शिडी सरकली. उंची फार नव्हती, जेमतेम आठ फूट. पण खाली इस्त्री ठेवायचा लोखंडी घोडा होता, आणि त्याच्यावर पाठ आपटली. दोन खांद्यांच्या मध्ये, जरा खाली, मणक्यातला मज्जारज्जू दुखावला तो कायमचा. छातीपासून खाली सगळं शांत झालं. हात मात्र शाबूत राहिले, अगदी बोटांच्या टोकांपर्यंत.

लोकांना वाटतं, मणका गेला म्हणजे पाय गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण मास्तरांच्या पायांकडे बघून हळहळायचा. पाय राहू द्या हो, पायांचं दुःख मास्तरांनी पहिल्या महिन्यात रडून घेतलं होतं. खरी गंमत पुढेच होती. पुनर्वसन केंद्रात त्यांना पहिल्यांदा पलंगाच्या कडेला बसवलं, तेव्हा तीन मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मास्तर भुईसपाट. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी तिथल्या सिस्टरला विचारलं, "माझे पाय गेले ते कळलं. पण बसायला काय पाय लागतात?"

सिस्टर वयस्क होती, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "बसायला रक्त लागतं, मास्तर. माणूस उठून बसला की रक्त पायांत उतरतं. मेंदू लगेच निरोप धाडतो, शिरा आवळा, रक्त वर ढकला. तुमचा निरोप छातीपाशीच अडकतो. खालच्या शिरा आपल्या ढिम्म."

"आणि हृदय?"

"त्यालाही जोरात चाल म्हणून सांगणारा निरोप त्याच वाटेने जातो. हळू चाल म्हणणारा मात्र दुसऱ्या वाटेने जातो, तो शाबूत आहे. म्हणजे तुमच्या गाडीचा ब्रेक चालतो, पण ॲक्सिलरेटर अर्धामुर्धा."

मास्तरांनी आयुष्यात गाडी चालवली नव्हती, पण त्यांना समजलं. मग पोटाला रुंद पट्टा आला, पायांना मांडीपर्यंत घट्ट मोजे आले, आणि पलंग रोज थोडा थोडा उभा करत न्यायचा कार्यक्रम सुरू झाला. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. मास्तरांची मुंगी तर लंगडी होती. सहा आठवड्यांनी ते सलग दोन तास खुर्चीत बसले, तेव्हा वॉर्डातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी मान वळवून डोळे पुसले.

केंद्रातून निघताना सिस्टरने दोन गोष्टी दहा वेळा पाठ करून घेतल्या. पहिली, "तुमचं प्रेशर आता नव्वद-साठ. तेच तुमचं बरोबर माप. उद्या कुणी दीडशे मोजून 'थोडं वाढलंय, ताण असेल' म्हणालं तर त्याचं ऐकू नका. दुसऱ्याचं थोडं ते तुमचं जिवावरचं." दुसरी गोष्ट सांगताना तिने आवाज खाली आणला. "खाली काही टोचलं, रुतलं, लघवीची नळी दुमडली, तर तुम्हाला कळणार नाही. पण अंगाला कळतं. ते चिडून खालच्या सगळ्या शिरा आवळून धरतं. मेंदू ओरडत राहतो, सोडा, सोडा. खाली ऐकतंय कोण? सगळा दाब वर चढतो. डोकं फुटायला आलं, तोंड लाल झालं, कपाळावर घाम सुटला, तर आडवं व्हायचं नाही. ताठ बसायचं, सगळं सैल करायचं, आणि कुठे काय बोचतंय ते शोधायचं. ते सापडेपर्यंत थांबायचं नाही. मेंदूत रक्तस्राव होऊन माणसं गेलेली मी पाहिली आहेत."

मास्तरांनी हे एकदा भोगलंही होतं. केंद्रातच नळी दुमडली होती. डोक्यात घण बसत होते. नळी सरळ केली आणि चार मिनिटांत सगळं ओसरलं. त्या चार मिनिटांची दहशत त्यांच्या मनात कायमची बसली.

आता दुकानाचं ऐका. दुकानाची मालकीण, सगळे तिला नुसतं बाई म्हणायचे, ही वाईट बाई नव्हती. तिचे वडील स्वतः कटर होते, ते टेबल त्यांनीच करवून घेतलं होतं, आणि त्याला कुणी साधा खिळा ठोकलेला तिला चालत नसे. दहा महिने तिने मास्तरांची जागा भरली नाही. मास्तरांच्या बायकोला मात्र तिने खिडकीपाशी तुरपाईच्या कामाला घेतलं. पण कोट काही आपले आपण कापले जात नाहीत. दुसऱ्या एका दुकानातला कटर यायला तयार होता. मास्तरांनी निरोप पाठवला की मी येतो, तेव्हा बाई घरी आली, चहा प्यायली आणि स्पष्ट बोलली.

"मास्तर, एक दिवस. शुक्रवारी नऊ ते सहा. तुम्ही दिवसभर बसून काम निभावलंत तर टेबल तुमचं. नाही जमलं तर सोमवारी तो माणूस येतो. मी त्याला शब्द दिलाय. नंतर माझ्यावर रागवायचं नाही."

"कबूल," मास्तर म्हणाले.

"काही त्रासबिस होत नाही ना आता?"

"छे. पाय चालत नाहीत, एवढंच."

बाई गेली आणि घरात ठिणगी पडली. "एवढंच?" बायको म्हणाली. "आणि ते डोक्यात चढतं ते? ते नको सांगायला?"

"सांगू काय? की बाई, माझी मूत्रपिशवी भरली तर माझं डोकं फुटू शकतं? कोण ठेवेल असल्या माणसाला कामावर?"

"न सांगता काही झालं तर?"

"काही होणार नाही."

"शिडीवर चढतानाही हेच म्हणाला होतात तुम्ही."

यावर मास्तर रागावले. नवरा-बायकोच्या भांडणात ज्याच्याकडे उत्तर नसतं तोच आधी रागावतो. पण खरं सांगायचं तर मास्तर घाबरले होते. त्यांना टेबल हवं होतं. टेबलाशिवाय ते कोण होते? खुर्चीत बसवलेलं, वेळेवर पाणी प्यायची आठवण करून द्यावी लागणारं एक माणूस. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण बायकोला माहीत होतं. तिने फक्त प्रेशर मोजायचं मशीन आपल्या सुईदोऱ्याच्या पिशवीत तळाशी घातलं.

शुक्रवारी नऊला मास्तर दुकानात शिरले ते नव्या करड्या पँटमध्ये. ही पँट त्यांनी स्वतः घरी, पलंगावर कापड पसरून कापली होती. उभ्या माणसाची पँट बसलेल्याला घातली की पुढे पोटावर गोळा होते आणि मागे कंबर उघडी पडते. मास्तरांनी मागची बाजू चढवली, पुढची उतरवली, मागचे खिसे उडवले आणि गुडघ्याला ढिलाई दिली. बायकोने आदल्या संध्याकाळी ती शिवून दिली. दुकानातल्या लोकांनी पँट बघितली आणि त्यांना मास्तर परत आल्याची खात्री पटली. मशीनवाला भोंगा तर उठून उभाच राहिला. त्याचा आवाज असा की कानात सांगितलेली गोष्ट चार दुकानं सोडून ऐकू जावी, म्हणून हे नाव.

"मास्तर, कडक दिसताय," भोंगा म्हणाला, आणि रस्त्यावरच्या दोघांनी आत वळून पाहिलं.

कटिंगचं टेबल मास्तरांच्या हनुवटीला लागत होतं, म्हणून इस्त्रीचं बुटकं टेबल रिकामं करून त्यावर फळी टाकली. कामही बाईने असंतसं काढलं नव्हतं. एका व्हायोलिन वाजवणाऱ्याचा काळा कोट होता. त्याचा डावा हात तासन् तास वर असणार. साधा कोट घातला की हात उचलताच अख्खा कोट कानापर्यंत चढतो. कापड त्याच्याच वडिलांनी कधीतरी घेऊन ठेवलेलं, आता कुठे मिळणार नाही, आणि होतं नेमकं कमी. त्या दुसऱ्या कटरने बघून सांगितलं होतं की अर्धा मीटर कमी पडतंय, होणार नाही.

मास्तरांनी कापड पसरलं, हात फिरवला, उभा धागा पाहिला आणि बराच वेळ नुसते बघत बसले. मग खडू उचलला. डाव्या मुंढ्याखाली, काखेपाशी, एक पाचरीसारखी कळी घालायची, म्हणजे हात वर गेला तरी कोट जागचा हलायचा नाही. पण कळीला कापड कुठून आणायचं? दोन पुढच्या भागांच्या मध्ये एक तिरपा तुकडा उरत होता. बाही जरा वळवून ठेवली तर तोच तुकडा पुरा पडणार होता. जेमतेम.

बारापर्यंत सगळं सुरळीत चाललं. इस्त्र्यांची वाफ होती, आणि मास्तरांना छातीखाली घाम येत नसल्याने अंग तापायचं. बायको दर अर्ध्या तासाने मानेवर ओला रुमाल ठेवून जायची. एकदा डोळ्यांपुढे अंधुक झालं तर त्यांनी मान अवघडल्याचं निमित्त करून भोंग्याला खुर्ची मागे कलती करायला लावली. कुणाला काही कळलं नाही. जेवणानंतर पाठ आणि दोन्ही पुढचे भाग कापून झाले. राहिल्या होत्या बाह्या आणि ती कळी.

अडीचच्या सुमाराला मास्तर डावं कोपर टेकवून फळीच्या पार पलीकडच्या कडेपर्यंत वाकले, तिथला खडू ओढला आणि परत सरळ झाले. दोन मिनिटांनी नाक चोंदलं. मग कपाळाला घाम आला. मास्तरांनी तो पुसला. मग मानेच्या मागून एक ठोका वर चढला. एक, मग दुसरा, मग घणच सुरू झाले.

मास्तरांना तत्क्षणी कळलं. समोर काळं कापड होतं, हातात कात्री होती, आणि आठ हातांवर बाई बसली होती. त्यांच्या मनात जे आलं ते सांगितलंच पाहिजे, कारण माणूस खोटा नव्हता: त्यांच्या मनात आलं की गप्प बसावं. थोडं थांबलं तर ओसरेल. बाईला कळलं तर टेबल गेलं. एवढा विचार करायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात खडूची रेघ त्यांना दोन दिसायला लागली. मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"ऐक गं," ते बायकोला म्हणाले. "चढलंय."

बायको सुई तशीच कापडात सोडून धावली. पण तिच्या आधी भोंगा पोचला. मास्तरांचा चेहरा तांबडाबुंद, केसांतून घाम निथळतोय. त्याने आव बघितला ना ताव, "मास्तरांना आडवं करा रे," असं म्हणत त्यांना काखेत धरून मोठ्या टेबलावर चढवायला लागला.

"आडवं करायचं नाही," मास्तर दात आवळून म्हणाले. "आडवं केलंस तर मरेन मी. सोड."

भोंग्याने त्यांना असं सोडलं की जणू हाताला चटका बसला.

"बाई," मास्तर म्हणाले, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्रास होतो. हा तोच." आणि मग डोकं फुटत असताना त्यांनी सिस्टरच्या शब्दांत सगळं सांगितलं. खाली कुठेतरी काहीतरी बोचतंय, मला कळत नाही, अंगाला कळतंय. ते सापडलं की उतरेल. तोवर मला ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टा काढा.

बायकोचे हात तोवर चालूच होते. पोटपट्टा सुटला, कॉलर सुटली, बूट गेले, मोजे गेले. इस्त्र्यांच्या मागे पडदा ओढून तिने नळी पाहिली. सरळ होती. पिशवीत लघवी उतरत होती. सकाळी पोट साफ झालं होतं. पायांची नखं ठीक. पायांवर मात्र काटा उभा होता, आणि पाय पांढरे पडले होते. मशीनने आकडा दाखवला, एकशे अठ्ठ्याहत्तर.

बाई स्वतः जाऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नाडी धरली आणि भुवया उंचावल्या. "प्रेशर एवढं, आणि नाडी पन्नास?"

"ब्रेक चालतो माझा," मास्तर म्हणाले. "माझं नेहमीचं नव्वद-साठ आहे, डॉक्टर."

डॉक्टरांनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. "हे मी कॉलेजात एकदा वाचलंय," ते म्हणाले. "पाहिलेलं नाही. तुम्ही करताय ते बरोबरच करताय. पण मी पाच मिनिटं देतो. तेवढ्यात नाही उतरलं तर औषध देतो आणि तुम्हाला हॉस्पिटलात हलवतो. गाडी आत्ताच बोलावून ठेवतो."

"कबूल," मास्तर म्हणाले. हॉस्पिटलात गेलं की शुक्रवार संपला, हे त्यांना माहीत होतं. तरी ते कबूल म्हणाले.

एकशे शहाऐंशी.

"सगळं बघितलं हो मी," बायको म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "सगळं बघितलं. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नाही."

मास्तरांनी डोळे मिटले. कधी सुरू झालं? पलीकडचा खडू ओढायला वाकलो तेव्हा. वाकलो म्हणजे काय झालं? बूड खुर्चीवर सरकलं. म्हणजे बुडाखाली काहीतरी. गादी ठीक आहे, सकाळी पाहिली. त्वचा ठीक आहे, सकाळी पाहिली. मग उरलं काय? उरली पँट.

मास्तरांनी डोळे उघडले.

त्या दुकानाचा एक नियम होता आणि तो मास्तरांनीच घातलेला होता. कपड्याला लावलेल्या टाचण्या मोजून लावायच्या आणि मोजून काढायच्या. सात लावल्या तर सात परत टाचण्या खोचायच्या उशीत दिसल्या पाहिजेत, त्याशिवाय कपडा टेबलावरून हलायचा नाही. एका टाचणीपायी त्यांनी भोंग्याला एकदा अख्खा कोट उसवायला लावला होता. वीस वर्षं त्यांनी लोकांना हे शिकवलं. आणि स्वतः? स्वतः घरी पलंगावर बसून टाचण्या लावल्या, उशी नव्हती म्हणून चादरीत खोचल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"पँट शिवताना टाचण्या किती काढल्यास?" त्यांनी बायकोला विचारलं.

"आत्ता हे काय विचारताय?"

"किती?"

बायको थबकली. तिच्या ओठांची हालचाल झाली. "दोन बाजूंच्या चार. मधल्या शिवणीच्या चार. आठ."

"मी नऊ लावल्या होत्या," मास्तर म्हणाले. "नववी उजव्या मांडीखाली, शिवणीच्या दोन पदरांच्या आत. भोंग्या, मला वर उचल. सरळ वर."

भोंग्याने काखेत हात घालून मास्तरांना उचललं, आणि बायकोने खाली हात घालून शिवण चाचपली. शिवणीच्या दोन पदरांमध्ये टाचणी आडवी बसली होती. सकाळभर ती निमूट होती. वाकल्यावर तिचं टोक पदरातून बाहेर पडलं आणि सरळ मांडीत शिरलं. बायकोने ती उपसून काढली. बोटभर लांब टाचणी, टोकाला रक्ताचा एक थेंब. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सगळे मशीनच्या आकड्याकडे बघत होते. एकशे एकाहत्तर. डॉक्टर हातात औषध घेऊन उभे होते. एकशे चव्वेचाळीस. मास्तरांच्या डोक्यातले घण लांब गेले, मग आणखी लांब. एकशे बारा. मास्तरांनी नाकाने श्वास घेतला, नाक मोकळं झालं होतं. पंच्याण्णव. बायको तोंडाला पदर लावून हुंदके देऊ लागली. तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि ती किती घाबरली होती हे तिला आत्ता कळलं.

मग आकडा आणखी खाली घसरला, कारण पट्टा आणि मोजे काढलेले होते. मास्तर पांढरे पडले. "कलती," ते पुटपुटले, आणि भोंग्याने या वेळी न विचारता खुर्ची मागे कलती केली. पट्टा चढला, मोजे चढले, मास्तर पेलाभर पाणी प्यायले. नव्वद-साठ. डॉक्टरांनी जखम पुसली, गाडी नको म्हणून फोन केला, पण अर्धा तास तिथून हलले नाहीत. जाताना त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "आज मी शिकलो," ते म्हणाले, "आणि तुमच्याकडून शिकलो."

सव्वातीन वाजले होते. बाई मास्तरांसमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, घरी जा."

"सहा वाजायचे आहेत, बाई."

"तुम्ही मरता मरता वाचलात."

"वाचलो ना? मग बाह्या राहिल्यात." मास्तरांचा आवाज शांत होता. "तुमची शर्त अशी होती की दिवस निभवायचा. त्रास झाला तर घरी जायचं, अशी शर्त नव्हती. खोटं बोललो त्याची शिक्षा द्यायची तर सहानंतर द्या."

बाईने स्टूल ओढलं आणि ती फळीच्या पलीकडे बसली. "दर दहा मिनिटांनी मोजणार मी," तिने मशीन हातात घेत सांगितलं. "एकदा जरी वर गेलं तरी कात्री काढून घेईन."

मास्तरांनी कात्री उचलली. बाही वळवली. उभा धागा पुन्हा पाहिला. तिरप्या तुकड्यावर कळी बेतली, एका बाजूला दोन धागे कमी पडले, म्हणून बाहीच आणखी केसभर वळवली. दुकानात शिलाईची मशीनं बंद होती. भोंग्याचं तोंडही बंद होतं, हे आणखी मोठं नवल. मोठ्या कात्रीचा कापडातून सरकत जाणारा तो जाड, सलग आवाज दहा महिन्यांनी दुकानात घुमला. खिडकीपाशी बसलेल्या बायकोने मान वर केली नाही, पण तिचा टाका चुकला.

पावणेसहाला मास्तरांनी कात्री ठेवली. फळीवर काळे तुकडे रांगेने मांडलेले होते. उरलेलं कापड तळहाताएवढं होतं. बाई उठली. कटरची मुलगी ती, तिने स्वतः टेप घेतला, मुंढ्याला बाही लावून बघितली, कळी तिच्या जागी धरली. मग स्वतःचाच डावा हात व्हायोलिन धरल्यासारखा उचलला, आणि भोंग्याला तुकडे अंगावर धरायला लावले. कापड जागचं हललं नाही.

"अर्धा मीटर कमी होतं हे," ती म्हणाली.

"दुसऱ्याच्या हातात," मास्तर म्हणाले. फुशारकी परत आली होती. आली ती बरंच झालं.

बाईने टेपची घडी घातली. "सोमवारी नऊला या."

इथे मास्तर हो म्हणाले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. सकाळी विचारलं असतं तर ते हो म्हणालेही असते, हात जोडून म्हणाले असते. पण दुपारी जे झालं त्यानंतर मास्तरांना लपवायला काही उरलं नव्हतं, आणि लपवायला काही नसलेला माणूस मोठा निवांत असतो.

"नऊला नाही," मास्तर म्हणाले. "दहाला. सकाळी मला हळूहळू बसतं व्हावं लागतं. घाईने उठवलं तर वाटेतच चक्कर."

खिडकीपाशी बसलेल्या बायकोने चमकून पाहिलं.

"बरं, दहा," बाई म्हणाली.

"दर अर्ध्या तासाने मी दोन मिनिटं काम थांबवणार, बूड उचलायला. उन्हाळ्यात इस्त्र्या माझ्यापासून लांब हलवायच्या. आणि दुपारी जे केलं ते इथल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. नुसतं हिला नाही, प्रत्येकाला."

"भोंग्या," बाई मान न वळवता म्हणाली, "काय करायचं?"

"ताठ बसवायचं, सैल करायचं, शोधायचं," भोंगा म्हणाला, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानदारालाही ते पाठ झालं असणार. "आडवं करायचं नाही. आणि टाचण्या मोजायच्या."

दुकान हसलं. मास्तरही हसले, कान लाल करून.

"अजून काही?" बाईने विचारलं.

मास्तरांनी मोठ्या टेबलाकडे पाहिलं. "इस्त्रीच्या टेबलावर मी आज कापलं. रोज नाही कापणार. मला ते पाहिजे. पण त्याचे पाय एक फूट कापावे लागतील."

बायकोने डोळे मिटून घेतले. हातातोंडाशी आलेलं आता हा माणूस घालवणार, असं तिला वाटलं. बाई टेबलापाशी गेली. त्याच्या काठावरून तिने हात फिरवला. वडिलांच्या कात्रीच्या जुन्या खुणा होत्या तिथे, आणि त्यांच्यावर मास्तरांच्या बावीस वर्षांच्या.

"माझ्या वडिलांना कळलं तर काय म्हणतील?" ती स्वतःशीच म्हणाली.

"टेबल बुटकं होऊ शकतं, बाई," मास्तर म्हणाले. "मला आता उंच होता येत नाही."

बाईने इस्त्रीच्या टेबलावरचा खडू उचलला, मास्तरांच्या खुर्चीशेजारी खाली बसली, त्यांच्या कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावला, आणि उठून टेबलाच्या चारही पायांवर एकेक पांढरी रेघ ओढली. "उद्या सुतार येईल," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तिने ते लपवले नाहीत.

घरी जाताना बायको खुर्ची ढकलत होती आणि वाटभर मास्तरांना झापत होती. नऊ टाचण्या लावल्या तर सांगायला काय झालं होतं, पाय कापायचं आजच काढायला हवं होतं का, माणसाला थोडी तरी भीती नको का. मास्तर ऐकत होते. इतकं सुखाचं बोलणं त्यांनी दहा महिन्यांत ऐकलं नव्हतं.

सोमवारी दहाला ते दुकानात आले. टेबल खाली उतरलं होतं. मास्तरांनी खुर्ची त्याच्याखाली सरकवली, दोन्ही कोपरं काठावर टेकवली. बरोबर बसली. दारात एक गिऱ्हाईक उभं होतं, कापडाची गुंडाळी काखेत घेऊन, इकडेतिकडे बघत.

"या," मास्तर म्हणाले. "उजवा खांदा अर्धा इंच वर आहे तुमचा."